बचनागाची गणती

धाकट्या बाई येईपर्यंत थोरल्या बाईंना कुणी थोरल्या बाई म्हणत नसे. तेवीस वर्षं त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. उद्यानाच्या चित्रशाळेत दुसरी बाईच नव्हती, त्यामुळे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचं तेवढ्यावर भागत होतं. मग एका सोमवारी उत्तरेच्या खिडकीपाशी दुसरं टेबल लागलं, त्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक हसतमुख मुलगी येऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत बाईंना ‘थोरल्या’ चिकटलं. कुणाच्या मनात काही नव्हतं. पण आपण ऐसपैस बसलेल्या बाकावर कुणी तरी येऊन ‘जरा सरकता का’ म्हणावं तसं बाईंना झालं. त्या सरकल्या, आणि तेव्हापासून त्यांना नीट बसताच आलं नाही.

चित्रशाळा हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली होती, दोन टेबलं, एक नळ, कागदांचं सपाट खणांचं कपाट आणि भिंगांचा एक डबा एवढाच तिचा संसार. उद्यानातली झाडं इथे कागदावर उतरत. फोटो काढायला पुष्कळ जण होते, पण फोटोत एक पान दुसऱ्यामागे लपतं आणि चित्रात लपून चालत नाही, म्हणून अभ्यासाच्या पुस्तकांना अजून चित्रंच लागत. कामाचा नियम एकच, जे फांदीवर तेच कागदावर. पानं मोजायची, फुलं मोजायची, कळ्या मोजायच्या, आकडा कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचा, आणि मग रंगाला हात लावायचा. “कल्पनाशक्ती घरी ठेवून यायची,” बाईंनी पहिल्याच दिवशी नव्या मुलीला बजावलं होतं, आणि ती मुलगी “हो बाई,” म्हणून अशी गोड हसली होती की बाईंना ते आवडलं नाही.

गेली चार वर्षं बागेतल्या विषारी फुलझाडांच्या पुस्तकाचं काम चाललं होतं. साठ चित्रं. कण्हेर, धोतरा, घाणेरी, कळलावी, सगळी बाईंच्या हातची, एकोणसाठ झाली होती आणि एकही परत आलं नव्हतं. साठावा राहिला होता तो बचनाग. त्याचा बहर वर्षातून जेमतेम तीन आठवडे टिकतो. मागच्या वर्षी तो गोगलगायींनी फस्त केला, त्याआधीच्या वर्षी ऐन बहरात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. बचनागाचं चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाणार होतं, त्याखाली त्यांचं नाव येणार होतं, आणि त्यासाठी आणखी एक वर्ष थांबायला त्यांची काही हरकत नव्हती.

“थोरल्या बाई, तुमच्यावर आधीच पुष्कळ भार आहे,” संचालक त्यांच्या टेबलाशी उभे राहून म्हणाले. “हे एक धाकट्या बाईंना करू द्या. त्यांचाही हात कळेल.”

“करू दे की,” बाई म्हणाल्या, आणि खाली बघून पेन्सिलीला टोक काढू लागल्या. टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक काढताना त्यांनी जवळजवळ अर्धी पेन्सिल संपवली.

दुसऱ्या दिवशी माळीकाका बचनागाची कुंडी घेऊन आले. काका उद्यानात बाईंच्याही आधीपासून होते आणि कुणाशी फारसं बोलत नसत. कमरेएवढ्या उंचीचं ते रोप, कात्रलेली गर्द पानं, आणि शेंड्याकडे निमुळता होत गेलेला निळ्याजांभळ्या फुलांचा तुरा. प्रत्येक फुलाची वरची पाकळी पुढे ओढलेली, तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखी. आत कोण आहे ते वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. काकांनी कुंडी धाकट्या बाईंच्या टेबलावर डाव्या हाताला ठेवली आणि रबरी हातमोज्यांची जोडी शेजारी टाकली.

“उघड्या हातानं शिवायचं नाही. याचा चीक नुसता कातडीला लागला तरी बोटं बधिर होतात. आणि फुलं मोजायची नाहीत.”

“मोजल्याशिवाय आमचं पोट कसं भरायचं, काका?” धाकट्या बाई हसत म्हणाल्या.

काकांनी जरा विचार केला. “मग मोजा. पण आमची आजी सांगायची, याला मोजलं की तेही आपल्याला मोजून घेतं. एकदा आकडा ठरला की त्यात कमी-जास्त करू नये. एखादं कमी झालं, तर ते कुठून तरी भरून घेतं.” एवढं बोलून ते आपले पाणी घालायची झारी शोधायला निघून गेले.

धाकट्या बाईंनी दोनदा मोजलं आणि कागदाच्या कडेला लिहिलं, फुलं छत्तीस. थोरल्या बाईंनी आपल्या टेबलावरून तो आकडा वाचला आणि मनात म्हटलं, आकडा तरी शोभेसा निघाला.

मुलीचा हात वाईट असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तो चांगला होता. चांगला म्हणजे किती, हे त्या उद्यानात फक्त एकाच माणसाला कळत होतं आणि तीच त्याची शिक्षा होती. बाई निळा रंग तीन थरांत चढवत; ही मुलगी दोन थरांत चढवायची आणि खालचा कागद फुलातून उजेडासारखा दिसत राहायचा. बाईंना तो उजेड तेवीस वर्षांत साधला नव्हता. साधत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि बाकी कुणालाच ते ठाऊक नसल्यामुळे त्यांचं आजवर छान चाललं होतं. आता दुपारी साडेबाराला धाकट्या बाई डबा घेऊन बाहेर बाकावर जात, तिथे कार्यालयातली चार माणसं जमत, हसणं खिडकीतून आत येई, आणि थोरल्या बाई आपल्या टेबलावर एकट्या घास गिळत त्या निळ्याकडे बघत बसत. हेवा हेवा म्हणतात तो त्यांनी आयुष्यात आधीही चाखला होता, सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत. पण तो लहानपणचा, ओळखीचा हेवा होता. हा पन्नाशीनंतरचा होता आणि त्याने त्यांची भूक मारली.

आठ दिवसांत तुरा रंगवून झाला. पानं उरली. शनिवारी संचालक नेहमीप्रमाणे भिंग घेऊन येणार, कुंडी आणि कागद शेजारी ठेवून फुलं मोजणार. आकडे जुळले तर चित्र कपाटात, नाही जुळले तर परत. चित्र परत आलं, तर बहराचा एक आठवडा अजून उरत होता. एका आठवड्यात कोण काढू शकेल, हे संचालकांना विचारावं लागलं नसतं.

हा हिशेब बाईंनी मुद्दाम केला नाही. सोमवारी दुपारी त्या नळावर डबा धुवायला उठल्या, परत येताना कुंडीपाशी थांबल्या, आणि तुऱ्याच्या पुढच्या बाजूचं, नेमकं चित्रात असलेलं एक फूल त्यांनी देठासकट खुडलं. हातमोजे घातले असते तर बोटांना तेवढी नाजूक पकड जमली नसती. म्हणून उघड्याच हाताने, पण डाव्या. उजवा रंगवायचा हात, त्याला त्यांनी आयुष्यभर जपलं होतं. खुडल्या जागी बारीक हिरवी जखम दिसत होती. ती त्यांनी डाव्या अंगठ्याने चोळून मिटवली. फूल रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. अंगठ्याला जरा मुंग्या आल्या, तो त्यांनी साबणाने धुतला.

धाकट्या बाई परत आल्या, बसल्या, मान वर न करता पाचपर्यंत पानं रंगवत राहिल्या. जाताना चित्रावर बटर पेपर घातला आणि “येते हं बाई,” म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी खोली रिकामी झाल्यावर बाईंनी तो बटर पेपर उचलला. कागदावरचं ते जास्तीचं फूल त्यांना डोळे भरून बघायचं होतं.

ते तिथे नव्हतं. तुऱ्यात त्या जागी रिकामी फट होती, कुंडीतल्या तुऱ्यात होती तेवढीच, तशीच. बाईंनी भिंग लावलं. जलरंग खोडरबराने जात नाही. तो ओल्या कुंचल्याने उचलावा लागतो आणि मग पात्याने कागदाचा पापुद्रा तेवढा खरवडून काढावा लागतो. कितीही हलक्या हाताने खरवडलं तरी कागद उजेडात धरला की तिथे तो किंचित पातळ दिसतो. हे काम बाईंइतकं स्वच्छ कुणालाच जमत नसे. दुसऱ्या गावच्या संस्थांकडून चुकलेली चित्रं त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. तो कुठेही पातळ नव्हता. त्या जागी कधी रंग लागलाच नव्हता असं तो कागद सांगत होता.

खरं तर त्यांना भीती वाटायला हवी होती. त्यांना हेवा वाटला. खरवडण्याच्या कामातही ही आपल्यापुढे गेली, आणि तेही एका दुपारीत, आपल्या समोर बसून, आपल्याला पत्ता लागू न देता! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चित्र जागेवर ठेवलं आणि कुंडीतलं दुसरं फूल खुडलं. तेव्हा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, पानांच्या सावलीत, एक आखूड फिकट आकार उमटलेला होता. त्यांची नजर त्यावरून गेलीही. त्यांना वाटलं, एखादं देठ असेल. त्या फक्त फुलं बघत होत्या.

“धाकटीचा फोन आला होता,” संध्याकाळी आई म्हणाली. आईचं प्रत्येक संध्याकाळचं पहिलं वाक्य हेच असे. “तिच्या सासरी तिच्याशिवाय पान हलत नाही म्हणे.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या आणि चहाचा कप उचलला.

“अगं, कान धर ना कपाचा! आत्ता उतरवलाय चहा, पोळेल!”

बाईंनी बघितलं. उकळत्या चहाचा स्टीलचा कप त्यांनी डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरला होता. त्यांना काहीच लागत नव्हतं. कप खाली ठेवल्यावर त्यांनी दोन्ही बोटं दाबून पाहिली, चिमटा काढला, आईची नजर चुकवून सुई टोचून पाहिली. कुणा तिऱ्हाइताची बोटं हाताळावी तसं वाटलं. चिकाचा परिणाम, दोन दिवसांत उतरेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बुधवारी तिसरं फूल गेलं आणि कागदावरूनही गेलं. मधलं बोट बधिर झालं. गुरुवारी चौथं. बाई आता पेटल्या होत्या. किती दिवस पुरी पडतेस बघतेच, असं त्यांचं चाललेलं होतं, आणि समोरची मुलगी मात्र शांतपणे पानांवर हिरवा चढवत होती. दिवसभर नजर तिच्यावरून न काढताही बाईंना तिच्या हातात एकदाही पातं दिसलं नाही. कागदाच्या कडेला पेन्सिलीचा आकडा तेवढा होता तसाच होता, छत्तीस.

त्या दुपारी माळीकाका झारी घेऊन आले. “मोजली होती किती?”

“छत्तीस,” धाकट्या बाई काम न थांबवता म्हणाल्या.

काकांनी कुंडीकडे पाहिलं, मग वाकून चित्राकडे पाहिलं. काका तुऱ्याकडे बघत नव्हते, कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होते.

“भरताहेत बरोबर,” ते म्हणाले, आणि जाता जाता बाईंच्या टेबलाशी क्षणभर थांबले. “थोरल्या बाई, हात दुखतोय का?”

“नाही.”

“दुखत असता तर बरं होतं,” काका म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी बाई खरं तर थांबणार होत्या. पण सकाळी संचालक सहज डोकावले, धाकट्या बाईंच्या खांद्यावरून चित्र बघून म्हणाले, “हा निळा कुठून आणलात हो? असा निळा या खोलीत कधी पाहिला नव्हता.” बोलून ते हसले आणि निघून गेले. दुपारी बाईंनी पाचवं फूल खुडलं. करंगळीने जखम चोळली, कारण बाकीच्या बोटांना आता काही कळत नव्हतं. चित्रातलं फूल जाणार, हे त्यांना आता पाठ होतं. त्यांची सगळी भिस्त त्या पेन्सिलीच्या आकड्यावर होती. कागदावर छत्तीस लिहिलंय आणि मोजली की एकतीस भरणार; संचालक अशा बाबतीत देवालाही सोडणारे नव्हते.

शनिवारी अकराला ते आले. आधी त्यांनी कुंडीतली फुलं मोजली, लाकडी काडीने एकेक वेगळं करत. “एकतीस.” मग भिंग चित्रावर फिरवलं. “एकतीस. जुळतंय. मग इथे छत्तीस का लिहिलंय?”

बाईंनी डावा हात एप्रनच्या खिशात घट्ट धरला. निदान तो घट्ट धरला आहे असं त्यांना वाटलं.

“आणि ही पाच,” धाकट्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

पानांच्या सावलीतून एक हात वर आला होता. मनगटाच्या मागचं काही दिसत नव्हतं, पानांनी ते झाकलं होतं. बाईचा हात, वय झालेला, पाचही बोटं फुलांकडे वळलेली, टोकांना फुलांचीच निळसर झाक. रंग दोनच थरांत चढवलेला होता आणि त्यातून कागदाचा उजेड दिसत होता. अंगठ्याच्या पेरावर एक जुनी तिरकी खूण होती, पातं लागून झालेली. ती पंचवीस वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना पडली होती, आणि त्या खोलीत ते एकाच माणसाला माहीत होतं.

“हे काय आहे?” संचालकांनी विचारलं.

“तिथे होता, सर. रोज थोडा थोडा.” तिचा चेहरा नितळ होता. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे बाईंना त्या चेहऱ्यावरून तेव्हाही कळलं नाही. “जे फांदीवर तेच कागदावर. बाईंनीच शिकवलंय.”

संचालक हसले. तरुण माणसांच्या लहरी असतात, असं ते हसणं होतं. “चित्र अप्रतिम आहे. मुखपृष्ठावर हेच जाईल. पण हा हात काढावा लागेल.” आणि ते वळले. “बाई, हे तुम्हीच करायला हवं. तुमच्याइतकं स्वच्छ खरवडणं कुणाला जमणार? बाकी कुणाच्या हाती मी हे चित्र देणार नाही.”

किती तरी दिवसांनी त्यांनी नुसतं ‘बाई’ म्हटलं होतं.

बाईंपुढे तीन वाटा होत्या, आणि त्यांना तिन्ही लख्ख दिसत होत्या. हात माझा आहे म्हणून सांगायचं, म्हणजे पाच फुलांचंही सांगायचं. पातं चुकवून चित्र फाडायचं, पण त्या हाताचं मग काय होईल, हा विचार त्यांना पुढे नेववेना. किंवा काम करायचं. ‘नको, मला जमणार नाही’ हे शब्द त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण तेवढ्यात धाकट्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या, “मी बघू का बाई, कसं करतात ते? मला खरवडणं मुळीच येत नाही.”

मुळीच येत नाही! बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली. बघच तू, त्यांच्या मनात आलं, आणि ती मुलगी आल्यापासून प्रथमच त्यांना त्या खोलीत आपल्या जागेवर नीट बसल्यासारखं वाटलं.

कागद धरायला एरवी डावा हात लागतो. त्यांनी चार कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली. ओल्या कुंचल्याने रंग उचलला, तो टिपकागदाने टिपला, नवं पातं घेतलं आणि करंगळीच्या टोकापासून सुरुवात केली. तंतूच्या दिशेने, श्वास सोडताना, केसाएवढी एकेक ओढ. करंगळी गेली. अनामिका गेली. मधल्या बोटापाशी त्यांनी पातं बदललं. असं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं, हे त्यांना करता करताच कळत होतं आणि त्या आनंदात दुसरं काही कळत नव्हतं. अंगठ्यावरची तिरकी खूण त्यांनी सर्वांत शेवटी काढली. मग तळवा. मग मनगट. दुखलं काहीच नाही.

संचालकांनी कागद उजेडात धरला, बराच वेळ तिरका करून पाहिला. “इथे कधी काही होतं, असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटायचं नाही,” ते म्हणाले.

धाकट्या बाईंनी खोडरबर घेऊन कडेचा आकडा पुसला आणि तिथे एकतीस लिहिलं. मग त्यांनी ते चित्र बाईंपुढे धरलं.

“तुम्हीच ठेवा ना बाई कपाटात. पण दोन्ही हातांनी धरा हं, अजून ओलं आहे.”

बाईंनी उजवा हात पुढे केला. डावा त्यांनी एप्रनच्या खिशातून काढला नाही. नुकतीच इस्त्री केल्यासारखा तो खिसा सपाट होता.